नाकातले थेंब, कानाचा दडा आणि हातचे गेलेले नऊ दिवस

आधी एक खुलासा. या प्रकरणातले सर ही कुणी एक व्यक्ती नाही. कान-नाक-घशाच्या ओपीडीत थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा दिसणारं चित्र एका माणसात गोळा केलं आहे, आणि तपासण्यांचे आकडे अशा रुग्णांत सापडतात तसे ठेवले आहेत. औषधांची माहिती, मात्रा आणि संशोधनाचे दाखले मात्र जसेच्या तसे आहेत.

सर ५२ वर्षांचे. नाशिक जिल्ह्यात तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये गणित शिकवतात आणि भजनी मंडळात पेटी वाजवतात. सहा वर्षांपासून रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम चालू आहे. ‘शुगर नाही’ असं छातीठोकपणे सांगतात, पण शेवटची तपासणी कधी केली ते आठवत नाही. तंबाखू नाही, कानठळ्या बसवणारं काम नाही, कानाची जुनी तक्रार नाही.

डिसेंबरच्या अखेरीस सर्दी झाली. मेडिकलमधून दोन गोष्टी आणल्या: झायलोमेटाझोलिन ०.१ टक्क्याच्या थेंबांची १० मिलीची बाटली, आणि सर्दीची गोळी. त्या गोळीत पॅरासिटामॉल, नाक मोकळं करायला म्हणून घालतात ते फेनिलेफ्रिन आणि झोप आणणारं एक ॲलर्जीचं औषध होतं. पहिल्या रात्री थेंब टाकले आणि पाच मिनिटांत नाक मोकळं. सर्दी आठवड्याभरात उतरली, थेंब मात्र उतरले नाहीत. सुरुवातीला रात्री टाकलेला थेंब सकाळपर्यंत पुरायचा. दुसऱ्या आठवड्यात तो चार तासांवर आला. त्यानंतर एक बाटली शर्टाच्या खिशात, एक उशाशी आणि एक शाळेच्या ड्रॉवरमध्ये.

नाकात दोन्ही बाजूंना टर्बिनेट नावाचे फुगीर पडदे असतात. त्यांच्या अस्तरात शिरांच्या पोकळ्या असतात, त्यात रक्त भरलं की नाक चोंदतं. झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिन ही औषधं या शिरांच्या भिंतीवरच्या अल्फा रिसेप्टरना धरून त्या आवळतात. पण रोज आवळलं की रिसेप्टर दाद देईनासे होतात, औषधाचा जोर ओसरताच शिरा पूर्वीपेक्षा जास्त फुगतात, आणि माणूस पुन्हा बाटलीकडे हात नेतो. याला ऱ्हायनायटिस मेडिकामेन्टोसा म्हणतात. म्हणूनच हे थेंब तीन ते पाच दिवसांच्या वर वापरू नयेत. हे बाटलीवर छापलेलं असतं, इतक्या बारीक अक्षरात की ज्याला चाळिशी लागली आहे त्याने वाचूच नये अशी योजना असावी.

थेंब सुरू केल्यापासून सतराव्या दिवशी सकाळी सर उठले ते डाव्या कानाला दडा बसलेला. कानात बारीक शूं असा आवाज, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा. उठताना जरा तोल गेल्यासारखं झालं, तासाभरात ते थांबलं. घरात सगळ्यांचं एकमत: सर्दी कानात उतरली. वाफारा झाला. लसूण कढवलेलं कोमट तेल कानात घालून झालं. थेंबांची मात्रा वाढली, कारण नाक मोकळं झालं की कान मोकळा होईल हा हिशेब. मेडिकलवाल्यानेही तेच सांगितलं. चौथ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं, मळ नव्हता, पडदा लाल नव्हता. त्यांनी अँटिबायोटिक आणि पुन्हा फेनिलेफ्रिनची गोळी लिहून दिली. “सर्दी उतरली की उघडेल.”

सहाव्या दिवशी एकादशीचं भजन होतं. सरांनी पेटीवर सा धरला आणि त्यांना दोन सा ऐकू आले. उजव्या कानात नेहमीचा, डाव्या कानात जरासा चढा आणि फाटका. थंडीने पेटीचे सूर उतरले असं समजून दुसऱ्या दिवशी पेटी दुरुस्तीला गेली. कारागिराने भाता हलवला, सगळे स्वर वाजवून पाहिले आणि पेटीला काही झालेलं नाही असं सांगून परत केली. एकच स्वर दोन कानांना वेगवेगळ्या उंचीवर ऐकू येणं याला डिप्लाक्युसिस म्हणतात, आणि ते जवळजवळ नेहमी आतल्या कानाच्या बिघाडाचं लक्षण असतं. कानात मळ असो वा पाणी, त्याने आवाज बारीक होतो, बेसूर होत नाही. नऊ दिवसांत निदान कुणी सांगितलं असेल तर त्या पेटीने, पण ऐकणारं कुणी नव्हतं.

नवव्या दिवशी पुण्याला नोकरी करणारी मुलगी फोनवर बोलत होती आणि लक्षात आलं की बाबांनी डाव्या कानाला फोन लावला की त्यांना आवाज येतो, शब्द लागत नाहीत. दुपारी ते ओपीडीत आले.

तपासणी

यंत्राला हात लावायच्या आधी त्यांना म्हटलं, “सर, ओठ मिटून ‘हुं’ असा सूर धरा. आवाज कुठल्या कानात जास्त येतो?”

“उजव्या.”

“दडा कुठल्या कानाला?”

“डाव्या.”

इथेच अर्धं निदान झालं. वाचकाने स्वतः करून पाहावं: एका कानात बोट घालून ‘हुं’ करा, आवाज बंद केलेल्या कानाकडे जातो. सर्दीने, मळाने किंवा पाण्याने कान बंद असेल तर हाडातून जाणारा आवाज त्याच कानात घुमतो. दडा डावीकडे आणि आवाज उजवीकडे, याचा अर्थ वाट मोकळी आहे, पण पलीकडे घेणारं कुणी नाही. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळाच्या मध्यावर ठेवला, त्यानेही तेच सांगितलं. याला दोन मिनिटं लागतात, वीज लागत नाही.

डावा पडदा दुर्बिणीतून निरोगी. टिम्पॅनोग्राम ‘ए’ प्रकारचा, म्हणजे मधल्या कानात हवेचा दाब नीट आणि पाणी नाही. नाकाच्या मागून मधल्या कानात जाणारी युस्टेशियन नळी तुंबली असती तर आलेख ऋण दाबाकडे सरकला असता. नाकात टर्बिनेट लालभडक आणि टम्म. रक्तदाब १५८/९६. ऑडिओग्राममध्ये उजवा कान २० डेसिबलच्या आत सगळीकडे ठीक. डावा ५०० हर्ट्झला ५० डेसिबल, १००० ला ५५, २००० ला ६०, ८००० ला ७०. हवेतून आणि हाडातून दोन्ही रेषा जोडीने खाली, म्हणजे बिघाड आतल्या कानात.

बहात्तर तासांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रीक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा जास्त घट, आणि ती आतल्या कानातली: अचानक आलेल्या संवेदी बहिरेपणाची व्याख्या इतकीच आहे. अमेरिकेतल्या अंदाजानुसार दर लाखात वर्षाला ५ ते २७ जणांना हे होतं. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी स्वतःच जाहीर केलं की विमानातून उतरल्यावर त्यांना एकाएकी ऐकू येईनासं झालं आणि विषाणूच्या हल्ल्यानंतर आलेला हाच प्रकार निघाला, तेव्हा आपल्याकडे महिनाभर या आजाराचं नाव घरोघरी होतं. नंतर पुन्हा सगळे ‘दडा’वर आले.

एमआरआयमध्ये श्रवणनाडीवर गाठ नव्हती. एचबीए१सी ७.१ टक्के आला, म्हणजे शुगर होती. ठरावीक कारण सापडलं नाही, आणि दहातल्या नऊ रुग्णांत ते सापडत नाही.

थेंबांवरचा आरोप

मुलगी रात्रीच्या गाडीने आली ती प्रश्न घेऊनच. “डॉक्टर, हे थेंब रक्तवाहिन्या आवळतात. आतल्या कानाला रक्त कमी पडलं म्हणूनच हे झालं ना?”

प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. आतल्या कानाला रक्त पोचवणारी लॅबिरिन्थाइन धमनी ही शेवटची धमनी आहे. ती बंद पडली तर शेजारून रक्त आणायला दुसरी वाट नाही, आणि कॉक्लियातल्या, म्हणजे आतल्या कानाच्या शंखातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींना प्राणवायूची ओढ सहन होत नाही. थेंब अति वापरणाऱ्यांत मेंदूच्या धमन्या आवळल्या जाऊन तीव्र डोकेदुखी आणि पक्षाघात झाल्याच्या एकेकट्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. नाक मोकळं करायला तोंडाने घ्यायच्या स्यूडोएफेड्रिनबद्दल युरोपच्या औषध नियामकाने जानेवारी २०२४ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या दुर्मीळ पण गंभीर विकारांचा इशारा पक्का केला, आणि अनियंत्रित रक्तदाबात किंवा गंभीर किडनीविकारात ते देऊच नये असं ठरवलं. तेव्हा हे औषध नाकापुरतंच राहतं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल.

आता दुसरी बाजू. सर गणिताचे, म्हणून हिशेब कागदावर मांडला. ०.१ टक्के म्हणजे एका मिलीत १ मिलिग्रॅम. एक थेंब साधारण ०.०५ मिली, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब म्हणजे २०० मायक्रोग्रॅम, आणि सर दिवसातून सहा वेळा टाकत होते, म्हणजे १.२ मिलिग्रॅम. त्यातलं बरंचसं घशातून पोटात जातं. रक्तात पोचणारा वाटा बेताचा, पण रोजचा, आणि तोही आधीच रक्तदाब असलेल्या माणसात. सरांनी हिशेब तपासला आणि म्हणाले, “म्हणजे नियमापेक्षा दुप्पट.” बरोबर: नेहमीची मर्यादा दिवसातून तीन वेळा.

थेंब नळीतून मधल्या कानात आणि तिथून गोल खिडकीच्या पडद्यातून आतल्या कानात शिरत असतील का? ही शंकाही रास्त, कारण निओमायसिनसारखी अँटिबायोटिक औषधं याच वाटेने कान खातात. (जाता जाता: ‘डोळा-कान’ ड्रॉप्सची उरलेली बाटली नाकात टाकणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्या बाटल्यांत बऱ्याचदा निओमायसिन असतं.) पण मुलांच्या कानाच्या पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवल्यावर रक्ताने नळी तुंबू नये म्हणून अनेक सर्जन ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब थेट कानात टाकतात. औषध मधल्या कानात प्रत्यक्ष ओतण्याची ही पद्धत जुनी आहे आणि तिने श्रवण गेल्याचा अनुभव नाही. नाकातून वर चढलेल्या एखाद्या थेंबाने ते व्हावं हे पटत नाही. झायलोमेटाझोलिनच्या माहितीपत्रकातही नाक चुरचुरणं, कोरडेपणा, डोकेदुखी, मळमळ, क्वचित धडधड किंवा तात्पुरती अंधूक नजर हे असतं, बहिरेपण नसतं.

माहितीपत्रकात नाही म्हणजे होतच नाही, असंही नव्हे. अमेरिकेत झाइकॅम नावाचं जस्तयुक्त नाकाचं जेल वर्षानुवर्षं सर्दीवर विकलं गेलं. १६ जून २००९ रोजी तिथल्या एफडीएने, म्हणजे औषध नियामकाने, ते वापरू नका असं सांगितलं, तेव्हा वास घेण्याची शक्ती गेल्याच्या १३० हून जास्त तक्रारी जमा झाल्या होत्या. ते तक्रारींतूनच कळलं. म्हणून मुलीच्या प्रश्नाला उत्तर न देता तिच्यासमोर फॉर्म ठेवला.

औषध आणि दुष्परिणाम यांचा संबंध मोजायला नारान्जो मापदंड १९८१ पासून वापरात आहे, दहा प्रश्नांचा. सरांच्या कानासाठी तो असा भरला. त्रास औषधानंतर झाला का? हो, अधिक २. दुसरी कारणं संभवतात का? संभवतात: नुकतीच विषाणूची सर्दी, रक्तदाब, नव्याने कळलेली शुगर. उणे १. यंत्राने खात्री झाली का? हो, अधिक १. आधीच्या निर्णायक नोंदी? नाहीत, ०. औषध थांबवल्यावर सुधारणा? स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू केल्यामुळे सांगता येत नाही, ०. पुन्हा देऊन पाहणं हा प्रश्नच नव्हता. एकूण २, म्हणजे ‘शक्य’. या मापदंडाची खोड अशी की औषधानंतर घडलेली जवळपास कुठलीही गोष्ट ‘शक्य’मध्ये येऊन बसते.

तोच मापदंड नाकाला लावला. नोंदी भरपूर, थेंबांनंतर सुरू झालं, थांबवल्यावर गेलं, दुसरं कारण नाही, मात्रा वाढली तसं वाढलं, दुर्बिणीत दिसलं. एकूण ८, ‘संभाव्य’, म्हणजे ‘शक्य’च्या वरची पायरी. म्हणजे थेंबांनी नाक बिघडवलं याबद्दल वाद नाही. कान बिघडवला असं मला वाटत नाही.

पण त्यांना निर्दोष सोडायला मी तयार नाही. तीन आठवडे चोंदलेलं नाक ही थेंबांचीच करणी होती, आणि त्या चोंदलेल्या नाकामुळे कानाच्या दड्याला आयतं कारण मिळालं. नाक मोकळं असतं तर सतराव्या दिवशी सकाळी एका कानाने ऐकू येईनासं झालेला माणूस त्याच दिवशी धावत आला असता. सर्दीचं नाव हाताशी होतं म्हणून वाफारा, तेल, अँटिबायोटिक आणि पेटीची दुरुस्ती एवढं सगळं होऊन गेलं. वर पोटातल्या गोळीने काय साधलं? तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन नाक मोकळं करतच नाही, असं अमेरिकेच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये १६ विरुद्ध ० मतांनी सांगितलं आहे. आपल्याकडे सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत ते अजून आहे.

नऊ दिवसांचं महत्त्व उपचारात कळतं. या आजारात स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत द्यायचं, जितकं लवकर तितकं बरं. खरं सांगायचं तर स्टेरॉइडचा पुरावाही लोखंडी नाही. एक तृतीयांश ते दोन तृतीयांश रुग्णांत काही ना काही श्रवण आपोआप परत येतं, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं हा जुना वाद आहे. पण गेलेला कान महिन्याभराने आणला तर वाद घालायलाही काही उरत नाही.

उपचार

प्रेडनिसोलोन ६० मिलिग्रॅम रोज सकाळी, पुढे हळूहळू कमी. यापेक्षा मोठी मात्रा द्यावी का, हे जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीत तपासलं गेलं. मोठ्या मात्रेने जास्त फायदा झाला नाही, त्रास वाढला. शुगरसाठी फिजिशियनना त्याच दिवशी फोन केला, घरी ग्लुकोमीटर दिला, मेटफॉर्मिन सुरू झालं. रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं, विषाणूविरोधी गोळ्या, ‘नसांची’ व्हिटॅमिन इंजेक्शनं यातलं काही दिलं नाही. सरांच्या मेहुण्यांना ते आवडलं नाही.

थेंब एका झटक्यात बंद केले. नाकासाठी स्टेरॉइडचा स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने धुणं. पहिल्या तीन-चार रात्री सर बसून झोपले आणि पहाटे दोन वाजता मुलीला विचारायचे, “एकच थेंब टाकू का?” ती बाटल्या पुण्याला घेऊन गेली. दुसऱ्या आठवड्यात नाक आपणहून उघडलं. कान तसाच. नाक उघडलं की कान उघडेल हा घरचा सिद्धांत तिथे निकालात निघाला.

दहा दिवसांनी ५००, १००० आणि २००० हर्ट्झची सरासरी ५५ वरून ४५ डेसिबलवर आली. हे पुरेसं नव्हतं, म्हणून पडद्यातून बारीक सुईने मधल्या कानात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं, आठवड्याच्या अंतराने तीनदा. आपल्याकडे सहज मिळतं ते ४ मिलिग्रॅम प्रति मिलीचं. इंजेक्शननंतर अर्धा तास कूस न बदलता, न बोलता, शक्यतो न गिळता पडून राहायचं असतं, नाहीतर औषध नळीतून घशात उतरतं. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला अर्धा तास न बोलणं सुईपेक्षा जड गेलं.

दोन महिन्यांनी सरासरी ३५. वरच्या पट्टीत, ८००० हर्ट्झला, ६० वर अडकलं. शूं आवाज आहे, शांत खोलीत जाणवतो. पेटीचे दोन सा आता बहुतेक एक झाले आहेत, वरच्या सप्तकात अजून फाटतात. वर्गात मागच्या बाकावरून डावीकडून आलेला प्रश्न कळत नाही, म्हणून सरांनी टेबल डाव्या भिंतीला लावून घेतलं. श्रवणयंत्राचा विषय काढला आहे, ते विचार करतो म्हणाले.

थेंब आणि फेनिलेफ्रिनची गोळी थांबवल्यावर रक्तदाब उतरला का, हे मुलीने विचारलं. त्याच दिवशी दाब वाढवणारं स्टेरॉइड सुरू झाल्यामुळे त्याचा अर्थ लावता येत नाही. स्टेरॉइड संपल्यावरचा आकडा १३८/८६.

दोन्ही नोंदी, नाकाची ‘संभाव्य’ आणि कानाची ‘शक्य’, भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे पाठवल्या. २०१० मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालतो. रुग्ण स्वतःही १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवू शकतो, आणि त्यासाठी खात्री असावी लागत नाही, संशय पुरतो. कानाच्या नोंदीत शेऱ्याच्या जागी लिहिलं: कारण अनिश्चित, सर्दीनंतरची विषाणुजन्य इजा जास्त संभवते, थेंबांच्या अतिवापरामुळे निदानाला नऊ दिवस उशीर.

गावातल्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला एकेक चिठ्ठी गेली. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी फोन करून ट्यूनिंग फोर्क कुठे मिळेल विचारलं. मेडिकलवाल्याचा प्रश्न वेगळा होता: “थेंब मागितले तर नाही म्हणू का?” नको. पाच दिवसांची सांगून द्या, दुसऱ्यांदा बाटली न्यायला आला तर पहिली कधी संपली ते विचारा, आणि एकाच कानाला दडा आहे म्हणाला तर काउंटरवरच ‘हुं’ करायला लावा. आवाज दड्याच्या उलट कानात गेला तर थेंब न देता त्याला त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवा. सरांचा पुढचा ऑडिओग्राम सहा महिन्यांना आहे.